मराठी पॉडकास्ट आणि व्हिडिओ: सबटायटलचं सॉफ्टवेअर कसं निवडायचं

"सबटायटलसाठी चांगलं सॉफ्टवेअर सांगा ना" असं कुणी विचारलं की मी आधी उलटा प्रश्न विचारते: भाषा कुठली? इंग्रजी असेल तर यादीतलं पहिलं उचला, बहुतेक काम होऊन जाईल. मराठी असेल तर त्या याद्या फारशा कामाच्या नाहीत, कारण त्या इंग्रजी बोलणाऱ्यांनी इंग्रजीसाठी केलेल्या असतात. इंग्रजीत मशीन जवळजवळ तयार मजकूर देतं आणि माणसाने त्यावर नजर फिरवायची असते. मराठीत मशीन कच्चा खर्डा देतं आणि खरं काम त्यानंतर सुरू होतं. म्हणून सॉफ्टवेअरचे कान किती तिखट आहेत एवढंच बघू नका. त्याच्या चुका किती पटकन निस्तरता येतात आणि शेवटी हातात स्वच्छ फाइल पडते का, हे जास्त बघा. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका मुद्द्याभोवती आहेत.

पायरी १: कुठे दिसणार आणि कोण वाचणार

आधी हे ठरवा, कारण अर्धी सॉफ्टवेअर्स इथेच बाद होतात.

इन्स्टाग्रामचं रील किंवा यूट्यूब शॉर्ट असेल तर अक्षरं चित्रातच छापलेली लागतात. एडिट करणारे याला बर्न-इन म्हणतात. विरार फास्टमध्ये एका हाताने दांडी आणि दुसऱ्या हाताने मोबाइल धरलेला माणूस तुमचं रील आवाज बंद ठेवूनच बघतो. तो सेटिंगमध्ये जाऊन सीसी, म्हणजे सबटायटल, चालू करणार नाही. मोठी, ठसठशीत, पहिल्या सेकंदापासून दिसणारी अक्षरं ही त्याची गरज.

यूट्यूबवरची तासभराची मुलाखत असेल तर सबटायटल वेगळ्या फाइलमध्ये द्यायची, म्हणजे बघणाऱ्याला ती चालू-बंद करता येतात. उद्या चूक सापडली तर व्हिडिओला हात न लावता फक्त फाइल बदलता येते. मी लांब व्हिडिओला बर्न-इन करायला सरळ नाही म्हणते.

फक्त ऑडिओ पॉडकास्ट असेल तर लागते ती ट्रान्सक्रिप्ट: कोण बोलतंय त्याचं नाव आणि त्यापुढे वाचता येईल असा परिच्छेद. यात वेळेचं गणित सैल चालतं, पण बोलणारे दोघं वेगळे ओळखता आलेच पाहिजेत.

आता वाचणारा कोण? मराठी समजणारा पण आवाज बंद ठेवलेला, मराठी न समजणारा, की ऐकू न येणारा? तिसऱ्यासाठी नुसते संवाद पुरत नाहीत. [दाराची बेल], [कुकरची शिट्टी], [दोघी हसतात] हेही लिहावं लागतं आणि बोलणारा पडद्यावर दिसत नसेल तर त्याचं नावही. याला क्लोज्ड कॅप्शन म्हणतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमांसाठी क्लोज्ड कॅप्शनचा स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे सरकारी किंवा मोठ्या संस्थेचं काम घेत असाल तर हा प्रश्न आधीच विचारून घ्या. वांद्र्याला रेक्लमेशनजवळ अली यावर जंग राष्ट्रीय वाक् आणि श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. तिथलं कुणी ओळखीचं असेल तर तुमचा एक भाग त्यांना दाखवा आणि कुठे अडलं ते विचारा. असा अभिप्राय कुठल्याही ट्युटोरियलमध्ये मिळत नाही.

पायरी २: दोन मिनिटांचा नमुना कापा

कंपन्यांच्या वेबसाइटवरचे डेमो विसरा. तिथे स्टुडिओतला निवेदक सावकाश, शुद्ध वाक्य वाचत असतो. तुमच्याच रेकॉर्डिंगमधली दोन मिनिटं कापा आणि मुद्दाम वाईट जागा निवडा: जिथे दोघं एकदम बोलतात, जिथे पाहुणा हसत हसत वाक्य गिळतो, जिथे मागे हॉर्न किंवा पत्र्यावरचा पाऊस आहे. त्यात आडनावं, स्टेशनांची नावं, रुपयांचा एखादा आकडा, आणि "मी तुला लोकेशन शेअर करतो, तू फक्त कन्फर्म कर" अशी मुंबईची खिचडी मराठी असू द्या. एखादं वाक्य मध्येच हिंदीत गेलेलं असेल तर उत्तमच.

हा नमुना जपून ठेवा. प्रत्येक सॉफ्टवेअरला हीच दोन मिनिटं द्यायची.

रेकॉर्डिंग अजून व्हायचं असेल तर अंधेरी-गोरेगावातल्या भाड्याच्या स्टुडिओत आधीच सांगा की प्रत्येक माइकचा ट्रॅक वेगळा हवा. बरेच जण मिक्स केलेली एकच फाइल हातात देतात. वेगळे ट्रॅक असले की दोघांचं बोलणं एकमेकांवर चढत नाही आणि कोणतं वाक्य कुणाचं हा प्रश्नच उरत नाही. पुढची अर्धी डोकेदुखी इथे फुकटात वाचते.

पायरी ३: बाजारात काय काय आहे

सगळी नावं घेत बसत नाही. जाती ओळखल्या की पुरे.

पहिली जात, प्लॅटफॉर्मची स्वतःची सोय. यूट्यूब बोलणं ऐकून आपोआप कॅप्शन तयार करतं. त्यासाठी व्हिडिओच्या माहितीत भाषा मराठी नोंदवलेली असली पाहिजे, नाहीतर भलतीच भाषा गृहीत धरली जाते. यूट्यूब स्टुडिओत ती कॅप्शन दुरुस्त करता येतात. फुकट आहे, सुरुवातीला चालून जातं, पण लांब भागासाठी तिथला एडिटर कंटाळवाणा आहे.

दुसरी जात, व्हिस्परवर चालणारी सॉफ्टवेअर्स. ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये व्हिस्पर हे आवाजाचा मजकूर करणारं मॉडेल सगळ्यांसाठी खुलं केलं. ते स्वतःच्या कॉम्प्युटरवर, इंटरनेटशिवाय, फुकट चालतं आणि त्याच्या भाषांमध्ये मराठी आहे. विंडोजवर सबटायटल एडिट नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ मेनूतून ते चालवता येतं. मॅकवाल्यांसाठी मॅकव्हिस्पर आहे. आज वेबवर मिळणाऱ्या कितीतरी पैसेवाल्या सेवाही आतून व्हिस्परच चालवतात, म्हणून पैसे भरण्याआधी फुकटचं वापरून बघाच.

व्हिस्परबद्दल चार गोष्टी मात्र माहीत हव्यात. पहिलं, त्याची पहिली आवृत्ती ६ लाख ८० हजार तासांच्या आवाजावर शिकवली होती, पण त्यात मराठीचा वाटा नगण्य होता. त्यामुळे टायनी, बेस, स्मॉल ही छोटी मॉडेल्स मराठीसाठी वापरण्यात अर्थ नाही, लार्जच घ्या. लार्जला ग्राफिक्स कार्डाची साधारण १० जीबी मेमरी लागते. तेवढी नसेल तरी चालेल, फक्त हळू, रात्री लावून झोपायचं. दुसरं, भाषा आपोआप ओळखण्यावर सोडू नका, मराठीला ते हिंदी समजून बसतं. हाताने मराठी निवडा. तिसरं, जिथे शांतता किंवा नुसतं संगीत आहे तिथे व्हिस्पर मनाने वाक्यं रचतं, कधी एकच ओळ दहा वेळा छापतं. सुरुवातीचं शीर्षकसंगीत कापूनच फाइल द्या. चौथं, त्यातला भाषांतराचा पर्याय फक्त इंग्रजीत उतरवतो. मराठी बोलण्यावरून थेट इंग्रजी सबटायटलचा खर्डा हवा असेल तर तो उपयोगी आहे, पण टर्बो नावाचं वेगवान मॉडेल भाषांतरासाठी शिकवलेलंच नाही, ते त्या कामाला घेऊ नका.

तिसरी जात, भारतीय भाषांसाठी इथेच तयार झालेली मॉडेल्स. आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारत गटाने २२ अनुसूचित भाषांसाठी आवाज ओळखणारी खुली मॉडेल्स दिली आहेत. केंद्र सरकारचा भाषिणी प्रकल्प आहे, बंगळुरूच्या सर्वम एआयची सेवा मराठी ऐकते. नवख्याला अडचण एवढीच की यातलं बरंचसं प्रोग्रामरसाठी मांडलेलं असतं. घरात किंवा ऑफिसात कोड लिहिणारं कुणी असेल तर तुमचा नमुना त्यांच्याकडून यातून एकदा काढून घ्या. कष्ट घेण्यासारखे आहेत.

चौथी, एडिटिंग सॉफ्टवेअरमधली सोय. प्रीमियर प्रोमध्ये बोलण्याचा मजकूर करणारं साधन आहे, डाविंची रिझॉल्व्हमध्ये ते पैसे भरून घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीत आहे. दोन्हीत आधी भाषांची यादी उघडा. हिंदी दिसली म्हणून मराठीही असेल असं धरून चालू नका, आणि हिंदी निवडून मराठी चालवून बघू तर अजिबात नको. रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत बाहेर तयार केलेली सबटायटल फाइल मात्र आणता येते आणि बऱ्याच जणांना तेवढंच लागतं.

मोबाइलवरच्या ॲपबद्दल एकच सूचना. परदेशी ट्युटोरियलमध्ये कॅपकटचं नाव सारखं येतं. भारतात त्यावर बंदी आहे, आडवाटेने उतरवून घेण्याच्या फंदात पडू नका.

पायरी ४: घड्याळ लावून दुरुस्त करा

हीच खरी परीक्षा. दोन-तीन सॉफ्टवेअर्सकडून तोच नमुना काढून घ्या आणि प्रत्येकातच बसून तो पूर्ण शुद्ध करा. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. ज्यात कमीत कमी वेळ लागला ते तुमचं. दोन मिनिटांचा नमुना दहा मिनिटांत सुधारता आला तर गाडी रुळावर आहे. अर्धा तास लागला तर त्यापेक्षा गूगल डॉक्सच्या व्हॉइस टायपिंगमध्ये मराठी निवडून, कानाला हेडफोन लावून, ऐकलेलं स्वतःच्या आवाजात पुन्हा बोलत गेलेलं परवडतं. हा उपाय ऐकायला वेडगळ वाटतो, पण गोंगाटातल्या मुलाखतीसाठी मी अजूनही तोच वापरते.

मशीनच्या हातून आलेली एक ओळ बघा:

पावसामुले हार्बर बंद पडली मग कुरल्यालाच उतरुन चालत निघालो दुसर्या दिवशी सगळ पेपरात

आणि बोलणाऱ्याने म्हटलं होतं:

पावसामुळे हार्बर बंद पडली, मग कुर्ल्यालाच उतरून चालत निघालो. दुसऱ्या दिवशी सगळं पेपरात!

एका ओळीत मराठीचे बहुतेक नेहमीचे आजार आले. ळ चा ल झाला, कारण मॉडेलने हिंदी भरपूर ऐकलेली असते. कुर्ल्याचा रफार सुटला. दुसऱ्या मधला अर्धा र जाऊन य च्या डोक्यावर रफार चढला, हे तर इतकं सर्रास होतं की वाचणाऱ्यांच्याही नजरेतून निसटतं. 'सगळं'वरचा अनुस्वार उडाला. विरामचिन्हं मुळात नव्हतीच.

अशा चुका ठरावीक असतात, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये शोधा-आणि-बदला ही सोय हवीच, आणि बदलण्याआधी प्रत्येक जागा दाखवणारी हवी. 'मुले'चं सरसकट 'मुळे' करून टाकलंत तर चाळीतली मुले अंगणात खेळायची तिथे चाळीतली मुळे खेळायला लागतील. 'दुसर्या'चं 'दुसऱ्या', 'सगळ्यांच्यामुले'चं 'सगळ्यांच्यामुळे' असे धोका नसलेले बदल एकदा यादी करून ठेवायचे आणि प्रत्येक भागाला लावायचे. सबटायटल एडिटमध्ये अशी यादी साठवता येते. पैसेवाल्या काही सेवांमध्ये आधीच शब्दसूची देता येते: पाहुण्यांची आडनावं, चिंचपोकळी, शीव, भायखळा, तुमच्या विषयातले शब्द. ही सोय असेल तर तिला चांगले गुण द्या.

दुरुस्त करताना बोटांकडेही लक्ष ठेवा. तुम्ही इनस्क्रिप्टने टाइप करता की फोनेटिकने, ते त्या एडिटरमध्ये नीट चालतं का? काही वेब एडिटरमध्ये मराठी शब्द टाइप करून स्पेस दाबली की व्हिडिओच सुरू होतो, कारण स्पेसला त्यांनी प्ले-पॉज जोडलेलं असतं. काहींमध्ये बॅकस्पेस एक मात्रा पुसायच्या ऐवजी अख्खं जोडाक्षर खातं. दोन मिनिटांत हे किरकोळ वाटतं. तासाभराच्या भागात माणूस रडकुंडीला येतो.

बोलीचा प्रश्नही इथेच सोडवा. 'केलं, गेलं, तुझं' असं बोललं असेल तर तसंच लिहा. 'केले, गेले, तुझे' करून ठेवलं की सबटायटल सरकारी परिपत्रकासारखी वाटतात आणि ऐकू येणारा व वाचलेला शब्द जुळत नाही. आग्री, मालवणी किंवा वऱ्हाडी बोलणारा पाहुणा असेल तर मशीनचा खर्डा बहुधा टाकूनच द्यावा लागतो. ती बोली बोलणाऱ्या माणसाला पैसे देऊन काम करून घ्या.

पायरी ५: देवनागरी फुटते का बघा

मजकूर शुद्ध झाला तरी पडद्यावर तो मोडलेला दिसू शकतो. वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षर पायमोडकं सुटं दिसतं, ॲ च्या जागी रिकामा चौकोन येतो. दोष फाइलचा नसतो, अक्षरं जुळवणाऱ्या इंजिनाचा किंवा फॉन्टचा असतो. मी कुठल्याही नव्या सॉफ्टवेअरमध्ये आधी हे वाक्य टाकते:

दुसऱ्या मजल्यावरच्या ज्ञानेश्वरची ॲक्टिव्हा राष्ट्रीयीकृत बँकेच्या ऑफिसखाली दोन वर्षं पडून आहे.

यात अर्धा र आहे, ज्ञ आहे, ॲ आणि ऑ आहेत, 'क्टि'ची वेलांटी जोडाक्षराच्या आधी यायला हवी, आणि 'र्षं'वर रफार आणि अनुस्वार शेजारी शेजारी बसायला हवेत. हे वाक्य एक्सपोर्ट केलेल्या व्हिडिओत नीट दिसलं तर पास. एडिट करतानाच्या प्रिव्ह्यूवर भरवसा नको, तिथे ठीक दिसून एक्सपोर्टमध्ये फुटण्याचे प्रकार घडतात. प्रीमियरमध्ये देवनागरी फुटली तर ग्राफिक्सच्या प्रेफरन्सेसमध्ये मजकुरासाठी दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय शोधा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

फॉन्ट फुकटचे उत्तम आहेत. मुक्त, बालू आणि अनेक हे मुंबईच्याच एक टाइप या संस्थेचे आहेत आणि गूगल फॉन्ट्सवर मिळतात. नोटो सान्स देवनागरी कुठेही चालतो. बारीक, नाजूक वळणाचे फॉन्ट लग्नपत्रिकेला ठेवा, मोबाइलवर मात्रा पुसट होतात. जाड वजन आणि मागे अर्धपारदर्शक काळी पट्टी, एवढं पुरेसं आहे. आणि ल व श मराठी वळणाचे दिसतात की हिंदी वळणाचे तेही बघा. काही फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, पण मजकुराची भाषा मराठी ठरवल्याशिवाय मराठी रूप येत नाही. हट्ट करावा असा मुद्दा नाही म्हणतात, मी करते.

आणखी एक जुनं दुखणं. गिरगाव-दादरच्या डीटीपीवाल्याकडून ट्रान्सक्रिप्ट टाइप करून घेतली आणि ती श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये असली, तर सबटायटलमध्ये रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसेल. युनिकोडमध्येच पाहिजे, हे काम देतानाच सांगा.

पायरी ६: ओळी तोडायला शिका

सॉफ्टवेअर कोणतंही घ्या, शेवटी फाइल बहुधा एसआरटी असते. ती साध्या नोटपॅडमध्ये उघडते आणि आतून अशी दिसते:

14
00:01:07,300 --> 00:01:11,000
पावसामुळे हार्बर बंद पडली,
मग कुर्ल्यालाच उतरून चालत निघालो.

वर क्रमांक, मग सुरुवातीची आणि शेवटची वेळ, मग मजकूर, मग एक रिकामी ओळ. क्रमांक आणि वेळ इंग्रजी आकड्यांतच लागते. देवनागरी आकडे घातले की फाइल चालत नाही. सेकंदांनंतर स्वल्पविराम असतो. वेबव्हीटीटी नावाच्या भावंडात तिथे टिंब असतं आणि फाइलच्या माथ्यावर त्या प्रकाराचं नाव लिहिलेलं असतं. सेव्ह करताना यूटीएफ-८ निवडा, नाहीतर सगळी प्रश्नचिन्हं होतील.

एका वेळी दोनच ओळी. कमीत कमी पाऊण-एक सेकंद आणि जास्तीत जास्त सात सेकंद पडद्यावर. ओळ अर्थ जिथे थांबतो तिथे तोडा: 'कुर्ल्यालाच उतरून' वर आणि 'चालत निघालो' खाली चालेल, पण 'बंद' वर आणि 'पडली' खाली नको. मशीन अक्षरं मोजून तोडतं, त्याला अर्थ कळत नाही, म्हणून हे हातानेच करावं लागतं. यात एक गोम आहे. वाचनाचा वेग दाखवणारं साधन सेकंदाला किती अक्षरं ते मोजतं, आणि बरीच साधनं 'क्षि'ला चार अक्षरं धरतात: क, हलन्त, ष, वेलांटी. त्यामुळे इंग्रजीसाठी बेतलेली मर्यादा तशीच ठेवली तर अर्ध्या ओळी लाल दिसतात. मर्यादा सैल करा आणि स्वतः मोठ्याने वाचून बघा. वाचून संपायच्या आत ओळ गायब होत असेल तर 'म्हणजे', 'ना', 'काय आहे की' हे उडवा. ऐकू न येणाऱ्यांसाठीच्या कॅप्शनमध्ये मात्र कात्री जपून चालवा.

सबटायटल सुरुवातीला जुळतात आणि शेवटाकडे मागे पडत जातात, अशी तक्रार आली तर मोबाइलवरचं रेकॉर्डिंग तपासा. मोबाइल बऱ्याचदा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, बदलता ठेवतो. एडिट करण्याआधी हँडब्रेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमधून व्हिडिओ स्थिर फ्रेम रेटवर काढून घेतला की हा त्रास होत नाही.

पायरी ७: पैसे आणि गुप्तता

मिनिटावर पैसे घेणारी सेवा आणि महिन्याची वर्गणी यात महिन्याला दोनच भाग करणाऱ्याने मिनिटवाली घ्यावी. परदेशी सेवेचा दर डॉलरमध्ये असतो, त्यावर १८ टक्के जीएसटी आणि कार्डाचं परकीय चलन शुल्क धरून हिशेब करा. आणि पैसे भरण्याआधी बघा की एसआरटी उतरवून घेणं त्याच प्लॅनमध्ये आहे का. फुकट प्लॅनमध्ये सगळं करू देतात आणि डाउनलोडचं बटण दाबलं की कुलूप, हा धंद्याचा जुना प्रकार आहे.

पाहुण्याने खासगी काही सांगितलं असेल, किंवा क्लायंटची अजून बाहेर न आलेली जाहिरात असेल, तर ती फाइल कुठल्यातरी वेबसाइटवर चढवू नका. स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालणारं व्हिस्पर हेच उत्तर. करारात गोपनीयतेचं कलम असेल तर हा नुसता पर्याय राहत नाही, बंधन असतं.

पायरी ८: चढवणं

यूट्यूब स्टुडिओत सबटायटल्स, मग व्हिडिओ, मग भाषा जोडा, मराठी, फाइल अपलोड, आणि 'वेळेसह' हा पर्याय. इंग्रजी किंवा हिंदी सबटायटल असतील तर त्यांची फाइल वेगळ्या भाषेखाली वेगळी. फाइलची नावं व्हिडिओच्याच नावाने, शेवटी भाषा जोडून ठेवा. 'फायनल', 'फायनल२', 'फायनल खरंच' असा फोल्डर झाला की चुकीची फाइल चढलीच म्हणून समजा.

पॉडकास्टसाठी तुमची होस्टिंग सेवा ट्रान्सक्रिप्टची फाइल घेते का ते विचारा. फीडमध्ये त्यासाठी वेगळा टॅग असतो आणि त्यात एसआरटी किंवा वेबव्हीटीटी चालते. ॲपल पॉडकास्ट्सने मार्च २०२४ मध्ये आपोआप ट्रान्सक्रिप्ट सुरू केली तेव्हा ती इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश एवढ्याच भाषांत होती, म्हणून आपली फाइल आपण दिलेली बरी. आणि तोच मजकूर परिच्छेद पाडून स्वतःच्या वेबसाइटवरही टाका, गूगलला आवाजापेक्षा अक्षरं चटकन सापडतात.

रीलसाठी बर्न-इन हँडब्रेकने किंवा एडिटिंग सॉफ्टवेअरने होतं. अक्षरं अगदी खाली ठेवू नका, तिथे इन्स्टाग्रामचं नाव, कॅप्शन आणि गाण्याची पट्टी येते. तळापासून साधारण पाव उंची सोडा. एक्सपोर्ट झाल्यावर फाइल एखाद्या साध्या अँड्रॉइड फोनवर, आवाज बंद करून, हात लांब धरून बघा. आणि बर्न-इन करण्याआधी मजकूर दुसऱ्या कुणालातरी वाचायला द्या, कारण त्यातली 'दुसर्या' नंतर दुरुस्त करायची म्हणजे रील काढून पुन्हा टाकावं लागतं आणि तोवर आलेले लाइक्स-कमेंट जातात.